मुका साक्षीदार

वडोदऱ्याच्या मराठी घरांत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १२ डिसेंबर १९११, दिल्ली दरबार. सम्राट पंचम जॉर्ज सिंहासनावर बसलेले. एकेका संस्थानिकानं पुढं जायचं, तीनदा लवून वंदन करायचं आणि पाठ न दाखवता मागं सरायचं, अशी रीत ठरलेली. हैदराबादच्या निजामांच्या पाठोपाठ बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड पुढं आले. अंगावर साधा पांढरा पोशाख, जडजवाहीर नाही, हातात काठी. त्यांनी एकदाच मान लववली, वळले आणि सम्राटाकडे पाठ करून चालू लागले. गोष्ट सांगणारा इथं क्षणभर थांबतो आणि मग म्हणतो, “खोटं वाटत असेल तर फिल्म बघा. कॅमेऱ्यात सगळं आहे.”

मला प्रतिवाद करायचा आहे तो या शेवटच्या वाक्याचा. सयाजीरावांच्या मोठेपणाला त्या फिल्मच्या दाखल्याची गरज नाही; ज्या राजानं १९०६ मध्ये आपल्या संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याची उंची एका वळण्यावरून मोजायची नसते. पण “कॅमेऱ्यात सगळं आहे” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आणि आता ते फक्त दरबाराबद्दल राहिलेलं नाही. वर्तमानपत्रातला फोटो, फोनवर आलेला फोटो, न्यायालयापुढचा फोटो, प्रदर्शनातला फोटो, सगळ्यांबद्दल आपण तेच म्हणतो. फोटो स्वतः बोलतो, त्याला वकील लागत नाही, आणि ज्याला समजावून सांगावं लागतं तो फोटोच नव्हे. हे मत इतकं सर्वमान्य झालं आहे की त्याला मत म्हणायचंही कोणाच्या मनात येत नाही.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडणं हा वादातला अन्याय आहे, म्हणून तो आधी पूर्ण ताकदीनं मांडतो. चित्रकार हातानं काढतो, त्यामुळे त्याच्या मनातलं चित्रात उतरतं. कॅमेरा प्रकाशानं काढतो. समोर जे होतं त्याच्यावरून परावर्तित झालेला प्रकाश काचेतून आत गेला आणि त्यानं रसायनावर किंवा आजच्या सेन्सरवर खूण उमटवली. मध्ये कोणाचं मत नाही, कोणाची भाषा नाही. म्हणून ज्याला मराठी येत नाही त्यालाही मराठी माणसाचा फोटो कळतो, अक्षरओळख नसलेल्या आजीलाही नातवाचा फोटो कळतो. वाचायला शिकावं लागतं, बघायला शिकावं लागत नाही. मग फोटोची ‘समीक्षा’ हवी कशाला? आवडला तर आवडला, नाही तर पुढचा.

यातला पहिला भाग खरा आहे. समोर काहीतरी होतं आणि त्याचा प्रकाश आत गेला, हे कोणी नाकारू नये. तिथून पुढची प्रत्येक पायरी मात्र निसटती आहे.

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, ज्ञानाची साधनं फार काटेकोरपणे वेगळी केली. डोळ्याचा आणि वस्तूचा थेट संबंध येऊन जे कळतं ते प्रत्यक्ष. दूर डोंगरावर धूर दिसला आणि तिथं आग आहे असं कळलं, ते अनुमान. आता दरबाराची फिल्म पाहणाऱ्याच्या डोळ्याचा संबंध कशाशी येतो? पडद्यावरच्या प्रकाशाशी. सम्राट, गायकवाड, दिल्लीचं ते मैदान यांपैकी कशाशीही नाही. फोटो पाहणं हे प्रत्यक्ष आहे. फोटोतून घटना जाणणं हे अनुमान आहे. आणि अनुमान चुकू शकतं. ते कसं चुकतं याची सविस्तर यादीही त्याच शास्त्रानं करून ठेवली आहे.

‘पाठ फिरवली, म्हणजे अपमान केला’ हे अनुमान त्या यादीवर तपासून पाहू. इथं पाठ फिरवणं हा हेतू, म्हणजे कारण म्हणून पुढं केलेली खूण. अपमान हे साध्य. पण पाठ अपमान करणाराही फिरवतो आणि गोंधळलेलाही फिरवतो. ज्याला रीत नीट माहीत नाही तो फिरवतो, ज्याला आता कुठं जायचं ते कळेना तोही फिरवतो. जी खूण साध्य असतानाही आढळते आणि नसतानाही आढळते, तिला सव्यभिचार हेतू म्हणतात. तिच्यावर काही सिद्ध होत नाही. धूर असेल तिथं आग असते, हे पक्कं. उलट दिशेनं, आग असेल तिथं धूर असतोच असं म्हटलं की चूक होते, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुराला नुसती आग पुरत नाही, ओलं सरपणही लागतं. त्या ओल्या सरपणाला शास्त्रात उपाधी म्हणतात. सयाजीरावांच्या बाबतीत ओलं सरपण कोणतं? रीत माहीत असणं आणि ती जाणूनबुजून मोडणं. ते असेल तरच वळण्यातून अपमान निघतो. आणि माहीत असणं, जाणूनबुजून असणं, या दोन्ही गोष्टींवरून प्रकाश परावर्तित होत नाही. त्या कोणत्याही फिल्मवर उमटत नाहीत.

याचा पुरावा त्या फिल्मच्याच इतिहासात आहे. दरबारात अनेक कंपन्यांचे कॅमेरे होते. चार्ल्स अर्बन यांनी किनेमाकलर पद्धतीनं घेतलेलं रंगीत चित्रीकरण फेब्रुवारी १९१२ पासून लंडनच्या स्काला थिएटरात दाखवलं गेलं, आणि दरबाराच्या इतर फिल्मही तिथल्या प्रेक्षकांनी गर्दी करून पाहिल्या. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यांत उद्धटपणा पाहिला, राजद्रोह पाहिला. त्यांचं मन आधीच तयार होतं. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्याच्या नोकरीत होते, संस्थानात जहालांना आसरा मिळतो असा संशय होता. गायकवाडांची पाठ दिसली आणि संशयाला आकार मिळाला. दुसरीकडे आपल्या लोकांनीही त्या घटनेत तेच पाहिलं आणि अभिमानानं मान ताठ केली. म्हणजे इंग्रजांचं आरोपपत्र आपण जसंच्या तसं मान्य केलं, फक्त त्याखाली शिक्षेऐवजी शाबासकी लिहिली. मराठी माणूस आजही ही गोष्ट सांगतो तेव्हा तो नकळत लंडनच्या त्या संपादकांचं वाचन पुढं चालवत असतो, हे मला फार टोचतं.

खुद्द सयाजीरावांचं म्हणणं तिसरंच होतं. व्हाइसरॉय हार्डिंग यांना त्यांनी खुलाशाचं पत्र लिहिलं आणि ते छापलंही गेलं. आपल्या आधी गेलेल्या निजामांनी नेमकं काय केलं इकडे नीट लक्ष देता आलं नाही, त्यामुळे गोंधळ झाला, अनादराचा हेतू नव्हता, असा त्याचा आशय. यावर चौथा वाचक म्हणतो की हे पत्र दडपणाखाली लिहिलेलं, गादी वाचवण्यासाठी. त्याला काय किंमत? शंका रास्त आहे. पण ही शंका फिल्म पाहून आलेली नाही. ती संस्थानिकांची स्थिती माहीत असल्यामुळे आलेली आहे. चार वाचनं आणि चारांपुढचं दृश्य एकच, मूक, दूरवरून घेतलेलं.

मग काहीही म्हणावं का? इथं दुसऱ्या टोकाचं एक मत हल्ली फार बोकाळलं आहे. फोटोला स्वतःचा अर्थच नसतो, बघणारा घालेल तो अर्थ. आणि आता तर यंत्राला सांगून हवा तो फोटो बनवता येतो, तेव्हा पुराव्याचं नावच काढू नका. पहिल्या मताइतकंच हेही मला आळशी वाटतं. अनुमान चुकू शकतं म्हणून नैयायिकांनी अनुमान सोडून दिलं नाही. ते कसोशीनं करायला शिकवलं.

कसोशीनं म्हणजे कसं ते त्याच दृश्यावर दाखवतो. वळणं ही क्षणातली हालचाल आहे, ती गडबडीत होऊ शकते. पोशाख तसा नाही. पोशाख हा आदल्या रात्री किंवा त्या सकाळी घेतलेला निर्णय असतो. भर दरबारात कोणी चुकून साधा पोशाख करून येत नाही. म्हणजे एकाच दृश्यात दोन वेगळ्या वजनाचे पुरावे आहेत, आणि गंमत अशी की आपण सगळा भार हलक्या पुराव्यावर टाकला आणि जड पुरावा नुसता वर्णनात सजावटीसाठी ठेवला. तोही लगेच निर्णायक मानू नये. सयाजीराव एरवी समारंभांना कसे जात? राजा रविवर्मा यांनी राज्याधिकारग्रहणाच्या सुमारास काढलेल्या चित्रात तरुण सयाजीराव रत्नांनी मढलेले दिसतात, पण ते तीस वर्षांपूर्वीचं आणि चित्रकाराच्या हातचं. तुलना करायची तर त्याच दशकातल्या त्यांच्या समारंभी फोटोंशी करायला हवी. त्याच फिल्ममधले इतर राजेही पाहायला हवेत: कोण किती लवला, कोण किती पावलं मागं सरला, कोण मध्येच वळला. वळण्याआधी महाराजांची नजर कुठं होती? बाजूला कोणी हात करून वाट दाखवत होतं का? मला स्वतःला विचाराल तर पोशाखात निश्चय होता आणि वळण्यात गोंधळ होता असं वाटतं. पण हे ‘वाटतं’ मी आता कारणांसकट मांडू शकतो, आणि दुसरा कोणी चांगली कारणं देऊन ते मोडू शकतो. माझ्या लेखी समीक्षा ती एवढीच.

एकटा फोटो किती थोडं सांगतो हे ओळखणारा एक माणूस वडोदऱ्यातच शिकून गेला होता. १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके फोटोग्राफी शिकले. पुढं १९१२ मध्ये चित्रपटात पैसे घालणाऱ्याची खात्री पटवण्यासाठी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचे रोज थोडे थोडे फोटो घेतले आणि ते सलग दाखवले. एकेका चौकटीत रोप नुसतं उभं होतं. वाढ चौकटींच्या मध्ये होती. दरबाराची फिल्म लोकांच्या डोळ्यांपुढं होती त्याच वर्षी फाळके हा प्रयोग करत होते, हा योगायोग मला नेहमी विलक्षण वाटतो.

आता शब्दांकडे. फोटोला शब्द लागत नाहीत असं म्हणणारे लोक फोटोखालची ओळ मात्र सर्वांत आधी वाचतात. १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड निघाले. एकेका जातिजमातीच्या माणसांचे फोटो आणि सोबत मजकूर. त्या मजकुरात अख्ख्या समाजाचा स्वभाव सांगितलेला असे: हे विश्वासू, ते लबाड, हे कष्टाळू, ते दरोडेखोर. फोटोत दिसतो तो एक माणूस, त्याचं पागोटं, कॅमेऱ्यापुढं खूप वेळ स्थिर राहायला सांगितल्यामुळे ताठरलेला त्याचा चेहरा. लबाडी शब्दांतून आली आणि चेहऱ्यावर जाऊन बसली. वाचकाला वाटलं आपण ती डोळ्यांनी पाहिली. हे दीडशे वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देता येत नाही. पावसाळ्यात वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीला पूर आला की रस्त्यावरच्या मगरीचे फोटो घरोघर फिरू लागतात. मगर खरी, पूर खरा. पण तो यंदाचा की मागच्या पुराचा, आपल्या गल्लीतला की दुसऱ्याच गावातला, हे मगरीच्या अंगावर लिहिलेलं नसतं. ते दुकानाच्या पाटीवर, गाडीच्या नंबरावर, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेवर असतं, आणि तिकडे कोणी बघत नाही. मगर बघून झाली की बघणं संपतं.

म्हणून फोटो वाचायला शिकणाऱ्याला मी आधी खालची ओळ झाकायला सांगतो. मग कागदावर फक्त जे दिसतं ते लिहायचं. ‘दुःखी बाई’ नाही. ‘बाई, मान खाली, डावा हात कपाळावर’. मान उन्हामुळंही खाली असू शकते. सावल्या कोणत्या बाजूला पडल्या आहेत? कॅमेरा किती उंचीवर होता, उभ्या माणसाच्या डोळ्याशी की बसलेल्याच्या? फोटो घेणारा किती जवळ गेला होता, आणि समोरच्यांना तो तिथं असल्याचं माहीत होतं का? चौकटीच्या कडेला कोणाचा हात, कोणाची सावली अर्धवट तुटली आहे? एवढं झाल्यावर ओळ उघडायची. दहापैकी निम्म्या वेळा तरी शिकणारा स्वतःच थबकतो, कारण ओळीतलं जे त्याला फोटोत ‘दिसणारच’ होतं ते त्याच्या कागदावर कुठंच नसतं.

राहिला रुचीचा मुद्दा. आवडनिवड ज्याची त्याची, तिथं वाद कसला? याला उत्तरही बडोद्यातच छापलेलं आहे. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ १९१६ मध्ये निघाला तो राजशेखराची ‘काव्यमीमांसा’, चिमणलाल दलाल यांनी संपादित केलेली. हजार वर्षांपूर्वीच्या या पंडितानं प्रतिभा दोन प्रकारची मानली: निर्माण करणाऱ्याची कारयित्री आणि आस्वाद घेणाऱ्याची भावयित्री. बघणाऱ्याकडेही स्वतंत्र प्रतिभा लागते, आणि एकाकडे एक असली म्हणून दुसरी असेलच असं नाही. शिवाय त्यानं रसिकांचे चार प्रकार सांगितले. अरोचकी, ज्याला काहीच रुचत नाही. सतृणाभ्यवहारी, जो गवतासकट सगळं खातो. मत्सरी, ज्याला दुसऱ्याचं चांगलं दिसत नाही. आणि तत्त्वाभिनिवेशी, जो त्यातलं खरं काय ते धरून बसतो. हा हजारांत एखादा. फोटोग्राफीच्या मंडळांत आणि फोनच्या पडद्यावर जे अभिप्राय पडतात ते या चाळणीतून काढून पाहावेत. ‘वा, काय टिपलंय’ हा गवतासकटचा अभिप्राय. ‘क्षितिज वाकडं आहे, विषय चौकटीच्या एक-तृतीयांश रेषेवर हवा होता’ हा दिसायला शास्त्रीय, पण बहुधा अरोचकी. नियम मोडला एवढंच तो सांगतो, मोडल्यानं काय बिघडलं किंवा साधलं हे सांगत नाही.

नियमांनी कुठवर जाता येतं हे मला ज्योती भट्ट यांच्या फोटोंनी शिकवलं. भावनगरचे भट्ट १९५० मध्ये सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत आले, अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी. नारायण श्रीधर बेंद्रे हे त्यांचे शिक्षक. आपल्या मराठी बेंद्र्यांनी त्या शाखेतला चित्रकला विभाग उभा केला. भट्ट स्वतः चित्रकार, मुद्राचित्रकार, पुढं तिथंच शिक्षक. १९६७ पासून त्यांनी गुजरात-राजस्थानच्या खेड्यांतल्या भिंतींवरची आणि अंगणांतली चित्रं कॅमेऱ्यानं नोंदवायला सुरुवात केली आणि ते काम कित्येक दशकं चाललं. काही प्रवासांत राघव कनेरिया सोबत असत. बरेचसे फोटो कृष्णधवल.

पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या मनात आलं की रंगीत भिंतीचा कृष्णधवल फोटो म्हणजे अर्धी नोंद. आणि भिंतीचं चित्रच नोंदवायचं तर समोर उभं राहून, सरळ, कडेला कडा लावून का नाही घेतलं? भिंतीपुढं बाई उभी आहे, पोर आहे, शेळी आहे. चित्राचा काही भाग त्यांनी झाकला आहे. नियमाच्या भाषेत हा दोष. मग हळूहळू कळत गेलं की ही चित्रं दिवाळीच्या आधी नव्यानं सारवलेल्या भिंतीवर काढतात आणि पुढच्या दिवाळीला सारवणाखाली जातात. अंगणातली तर पायांखाली. ती जिनं काढली तिच्या उंचीवर, तिच्या हाताच्या आवाक्यात काढलेली असतात. बाई चौकटीतून काढली तर चित्राचं माप जातं, वय जातं, कर्ता जातो. जे झाकलं गेलं त्यापेक्षा जे राहिलं ते मोठं होतं. रंगांबद्दलची माझी तक्रार मात्र पूर्ण गेलेली नाही. राजस्थानच्या मांडणा-चित्रांत गेरूच्या लालावर खडूचा पांढरा उठतो तो करड्यावर उठत नाही, आणि हे त्या थोर कामातलं उणं आहे असं मी म्हणेन. पण आता मी ते कामाच्या हेतूशी ताडून म्हणतो, आणि ही तीन-चार वाक्यं बोलता यायला मला काही वर्षं लागली. बघायला शिकावं लागत नाही म्हणणाऱ्यांना मी एवढंच दाखवू शकतो.

अक्षरं न शिकलेल्यालाही चित्र कळतं, या युक्तिवादाला शेवटचं उत्तर पुस्तकांबाहेरचं आहे. वडोदऱ्याहून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर छोटा उदेपूर, राठवा आदिवासींचा मुलूख. नवस फेडायचा असला की ते घराच्या ओसरीच्या मोठ्या भिंतीवर पिठोरा काढून घेतात: चौकट, तिच्यात घोड्यांच्या रांगा, पिठोरो देवाच्या लग्नाची वरात, शेत, पाणी, सूर्य, चंद्र. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात. काढणाऱ्याला ते चित्रकार म्हणत नाहीत, लखारा म्हणतात, म्हणजे लिहिणारा. आणि लिहिलेलं म्हटलं की वाचणारा आला. लखारांचं काम झालं तरी पिठोरा पुरा झाला असं धरत नाहीत. बडवो, म्हणजे त्यांचा पुजारी, येतो, अंगात वारं आलेलं असतं, आणि तो भिंतीपुढं उभा राहून एकेका आकृतीपाशी जातो, हा कोण, ही कोण, हे ओळखून सांगतो. घरचे, गावचे ऐकत असतात. काही चुकलं किंवा राहिलं असेल तर तो तिथं बोट ठेवतो, आणि लखारा पुन्हा रंगाची वाटी उचलून भिंतीकडे जातो.